पडद्यावरचा धडा

तातेराव गुरुजींच्या घरात पहिली नात जन्मली ते २००४ साल. पुसेगावजवळच्या तांड्यावर गुरुजी मुख्याध्यापक होते. त्याच वर्षी त्यांच्या शाळेत चार संगणक आले. दसऱ्याला गुरुजींनी त्यांच्यापुढं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वर कापडी खोळी चढवल्या आणि खोलीला कुलूप घातलं. शनिवारी पोरं चपला काढून रांगेनं आत जायची, हात मागं बांधून बघायची आणि परत यायची.

"कुनी हात लावला तर बोटं छाटीन," गुरुजी म्हणायचे. पोरं हसायची, पण हात लावत नसत.

पुढच्या भादव्यात हिंगोलीच्या एका संस्थेनं आठवीची इंग्रजी वाचनाची परीक्षा घेतली. निवडलेल्या पोरांना हिंगोलीत राहून फुकट शिकता येणार होतं. कागदावर वाचणं आणि संगणकावर वाचणं यात काही फरक पडतो का, हेही संस्थेला बघायचं होतं. म्हणून निम्म्या वर्गाला धडा छापून दिला. उरलेल्यांना चार-चार जण बसवून तोच धडा पडद्यावर दाखवला. उत्तरं सगळ्यांनी कागदावरच लिहायची होती.

निकाल लागला. कागदवाली पोरं बरी निघाली, संगणकवाली आपटली. धर्मसिंगची शिला वर्गात सगळ्यांत चांगलं इंग्रजी वाचणारी, तीही पार खाली.

धर्मसिंग लेकीला घेऊन शाळेत आला. "गुरुजी, हिंगोलीला नंबर लागला असता तर गोष्ट येगळी व्हती. आता दसरा झाला की आमच्यासंगं ऊसतोडीला नेतो तिला."

"इंग्रजी तिच्या डोक्यात शिरून न्हाई राहिली," गुरुजी म्हणाले. "मी तरी काय करू?"

इंग्रजीच्या शिक्षिका जाहेदाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी शिलाला जवळ बोलावलं. "काहून गं, खालचे सगळे प्रश्न कोरे सोडले?"

"बाई, पडद्यावर मावला तेवढाच धडा दिसत व्हता. तेवढ्याचं लिवलं."

"खाली सरकवायचा ना! संस्थेच्या सरांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं. माऊस धरा म्हणले. पर हात लावायचा न्हाई ना. कुनीच न्हाई लावला."

"परीक्षेत तर लावायचा की, येडे," धर्मसिंग म्हणाला.

"गुरुजी दारातच उभे व्हते," शिला म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "आन् बिघडलं असतं म्हंजे? वर जबाब मी द्यायचा."

"बिघडलं तर दुरुस्तीवाला येईल, गुरुजी. पोरीची शाळा सुटली तर कुनाला बोलवायचं?" जाहेदाबाईंचा आवाज चढला नव्हता. "कागदावर बसले त्यांची इंग्रजी तपासली. हिची भीती तपासली, आन् नाव इंग्रजीचं. हे बराबर हाय का? लेकरू पुस्तक फाडतं, त्याच्यावर शाई सांडतं, तवा कुठं वाचाया लागतं. संगणकाला आपण देव करून बसलो आन् वर म्हणतो, लेकराला येत न्हाई."

इतक्या वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी जाणूनबुजून एकाही लेकराला मागं ठेवलं नव्हतं, आणि आज त्यांच्याच धाकानं अर्धा वर्ग बुडाला होता!

"धर्मसिंग," ते म्हणाले, "दसऱ्यापतुर मला येळ दे. पोरीला नेऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते हिंगोलीला गेले. संस्थेच्या लोकांपुढं उभं राहून म्हणाले, "चूक माझी हाय, पोरांची न्हाई." या पोरांची परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं.

खोळी उतरल्या. वीज असेल तोवर पोरं संगणकावर बसू लागली. दोनच दिवसांत एक संगणक बंद पडला. सगळी पोरं गुरुजींच्या तोंडाकडं बघू लागली.

"बघता काय? बाकीचे तीन चालू हायेत न्हवं?"

नवा धडा आला, पुन्हा पडद्यावरच. या खेपेला पोरांना कागदवाल्यांइतकेच गुण पडले आणि शिलाचा नंबर लागला. धर्मसिंग तिची पेटी डोक्यावर घेऊन हिंगोलीला सोडायला गेला.

वाचकहो, कागद असो की संगणक, आधी वस्तू लेकराच्या हातात द्या, तिची भीती मोडू द्या आणि मगच त्याची परीक्षा घ्या. हात लावू न देता घेतलेली परीक्षा लेकराची नसते, आपलीच असते. आणि तिच्यात आपण नापास झालेले असतो.

शिला पुढं शिक्षिका झाली. ते बघायला गुरुजी राहिले नाहीत. २००९ सालच्या फेब्रुवारीत तातेराव गुरुजी वारले.