चादरीआड नेसलेली साडी

मी एक जुनी डमी आहे. कपड्याच्या दुकानात काचेमागे साडी नेसून उभी असते ना, तीच. मित्रांनो, माझा जन्म दिल्लीच्या कारखान्यात, फायबरच्या साच्यात झाला. पण जीव आला तो जबलपुरात, अधारतालच्या भय्यासाहेबांच्या दुकानात.

भय्यासाहेब मोठे कीर्तनवेडे. चेरीतालच्या देवळात बुवा उभे राहिले की हे पहिल्या रांगेत. तिथूनच त्यांनी एक नियम आणला: एका कीर्तनात एकच आख्यान, तशी एका काचेत एकच साडी. शेजारचे दुकानदार दहा-दहा साड्या टांगत. बाया मात्र माझ्यासमोर थांबत. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा. माझी साडी बदलायची तर आधी काचेला चादर लावायची. "फायबरची असली तरी बाईमाणूस आहे," असं म्हणत. मग चादरीआड अभंग गुणगुणत माझ्या निऱ्या घालत. काय सुरेल दिवस होते ते!

पुढे गिऱ्हाईक आटलं. माझा रंग उडाला. दुकान मोबाईलवाल्याला द्यायचं ठरत आलं, तेव्हा नात समिधा आडवी आली. फॅशन मर्चंडायझिंगचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करते, पास झाले तर दुकान मला द्या, म्हणाली. कोणता कपडा केव्हा नि किती मागवायचा, कसा मांडायचा, ते तिथं शिकवतात, असं तिनं समजावलं.

"हे तर मी जन्मभर करून राहिलो," भय्यासाहेब म्हणाले. "त्याले सर्टिफिकेट काहून पाहिजे?" पण कबूल झाले.

परीक्षेत अर्ध्या तासात एक काच सजवायची होती. डमी ज्याची त्यानं आणायची. समिधानं मला ओढणीनं बांधून ई-रिक्षात बसवलं. मला पाहून वर्गातला विक्की म्हणाला, "दीदी, दादी का भी एडमिशन करा दिया क्या?" सगळे हसले, तीही हसली.

घड्याळ सुरू झालं आणि हाताच्या सवयीनं समिधा आधी चादर लावायला गेली. तिथल्या चौकटीला ना खिळा, ना कडी. ती कशीबशी लावण्यातच दहा मिनिटं गेली. वेळ संपली तेव्हा माझा पदर मोकळाच होता, दागिने डब्यात आणि किमतीची पाटी टेबलावर. समिधा नापास झाली.

घरी तिनं सगळं सांगितलं. भय्यासाहेबांनी माझ्या खांद्यावरची धूळ पुसली.

"चादर नसती लावली तर पास झाली असती ना, समू?"

"हो, आबा. पण ते सुचलंच नाही."

त्यांनी तिथूनच मोबाईलवाल्याला फोन लावला. "भैया, दुकान नहीं देना है," एवढंच बोलले. मग नातीला म्हणाले, "चल, चादर पटकन कशी लागते ते पाहू."

महिनाभर रोज दुपारी आजोबा-नातीनं सराव केला. शेवटी दोरी आणि चार चिमट्यांवर काम भागलं. पुढच्या परीक्षेत समिधानं चादरीसकट अठ्ठावीस मिनिटांत काच सजवली आणि ती पास झाली. आता दुकान ती पाहते. भय्यासाहेब खुर्चीत बसून तिला उगाच चुका दाखवतात.

मित्रांनो, मोठ्यांची एखादी रीत उशीर करते म्हणून लगेच टाकू नका. आधी तिच्यावर हात बसवा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना अडगळीत लोटण्याआधी एकदा पुसून पाहा. ताठ उभं राहण्याइतका जीव आमच्यात अजून आहे.