मला म्हातारी म्हणू नका

मी एक छोटी मोटारसायकल बोलतेय. बोलताना थोडी फटफट होईल, धूरही येईल. त्याला इलाज नाही. आम्ही टू-स्ट्रोकवाल्या पेट्रोलबरोबर तेल पितो आणि प्यायलेलं लपवत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी बंद पडणारी गाडी नाही. मला बंद पाडलं होतं, आणि वर माझ्याच नावानं बोटं मोडली.

माझे पहिले मालक गणिताचे सर. ते मला रोज पुसायचे आणि कधीच जोरात पळवायचे नाहीत. ते थकले तशी मी जिन्याखाली गेले. तिथं माझ्या हँडलवर लोक ओल्या छत्र्या वाळत घालू लागले. मग एक दिवस मला विकत घ्यायला इस्त्रीवाले आले. त्यांनी स्वतःच्या बाहीनं माझ्या टाकीवरची धूळ पुसली. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाचं काम करायचं.

त्यांचं दुकान आणि घर एकाच खोलीत, मधे एक पडदा. मालकीण बाई इस्त्री करतात. त्यांच्या हाताशी पाण्याची एक प्लास्टिकची बाटली असते. ती दाबली की कपड्यावर पाणी उडतं, सोडली की 'सूं' करून हवा ओढते आणि पुन्हा फुगते. दिवसभर हेच चालतं. मालक घडी केलेल्या कपड्यांचे गठ्ठे माझ्या पाठीवर बांधून घरोघर पोहोचवतात. रात्री मीही दुकानातच, कपड्यांच्या कपाटाला खेटून उभी.

तिथंच घोटाळा झाला. वकीलसाहेबांचा कोट परत आला. त्याला म्हणे पेट्रोलचा वास येत होता, आणि कोर्टात शेजारचे सरकून बसत होते. बाईंनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे. मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रबराची एक गोल चकती कापली आणि माझ्या टाकीच्या झाकणात आतून घट्ट बसवली. नाक लावून पाहिलं. वास गेला होता. मालक स्वतःवर भलतेच खूश झाले.

माझ्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. पेट्रोल खाली उतरतं तशी तिथून हवा आत येते. हवा आली नाही तर पेट्रोल वरच अडून बसतं. ते भोकच चकतीखाली बुजलं होतं. पण मला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या चढावर माझा जीव घुसमटला आणि मी थांबले. मालकांनी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, मला दोन्ही बाजूंना गदागदा हलवलं, झाकण लावलं, किक मारली. मी सुरू झाले. झाकण उघडल्यावर आत आलेल्या हवेनं मी सुरू झाले होते, पण श्रेय मिळालं हलवण्याला. मग रोज तेच. थोडं चालायचं, थांबायचं, हलवायचं. रस्त्यावरची पोरं म्हणायची, हिला झोका दिल्याशिवाय जाग येत नाही.

मेकॅनिकनं प्लग घासला, कार्ब्युरेटर धुतला, सायलेन्सरमधली काजळी काढली. प्रत्येक वेळी मी त्याच्या दुकानात छान चालायचे आणि चढावर थांबायचे. शेवटी त्यानं हात पुसत सांगितलं की हिचं वय झालंय. इतका अपमान छत्र्यांनीही केला नव्हता.

इकडे गिऱ्हाइकं तुटू लागली. कपडे वेळेवर मिळेनात. बाईंचा भाऊ भंगारवाल्याला घेऊनच आला. मालकांनी माझ्या हँडलवरचा फडका काढून घेतला आणि ते त्याची घडी घालत बसले.

"चालू गाडी आहे, उगाच मोडीत धरू नका," असं भंगारवाल्याला ऐकवून भाऊ मला चालवून दाखवायला निघाला. एक फेरी मारली आणि बरोबर दारातच मी थांबले. थांबले तर थांबले, मान खाली घातली नाही.

"आधी पेट्रोल काढून घ्या," भंगारवाला म्हणाला.

भावानं झाकण फिरवलं. सूं.

बाईंची इस्त्री हवेतच राहिली. "थांब. पुन्हा लाव ते झाकण."

"अगं ताई, पेट्रोल काढायचंय."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली, बाटली उचलली, भावाच्या कानाशी दाबून सोडली. सूं.

"हाच आवाज होता की नाही? माझी बाटली हवा ओढते तेव्हा असाच आवाज येतो. हिला हवा कमी पडतेय." मग त्या मालकांकडे वळल्या. "अहो, ती तुमची चकती काढा आधी."

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चकती निघाली. त्यांनी मला हलवलं, किक मारली, आणि मी गेले ती चढ ओलांडून, वळसा घालून, न थांबता परत आले. दारात भंगारवाल्याच्या तोंडावर मुद्दाम भरपूर धूर सोडला.

चकती आता इस्त्रीच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहे. तिथंच ती शोभते. मी पत्र्याखाली बाहेर उभी असते आणि कपडे झाकणबंद पेटीतून जातात. मालक अजूनही किक मारण्याआधी मला हलवतात. जुनी सवय आहे, मी हलून घेते.

तुमच्या दारातली गाडी थोडं चालून थांबत असेल, तर तिचं वय काढू नका. झाकण उघडा आणि कान द्या.

आता सरका बाजूला. गठ्ठे पेटीत भरून झालेत आणि चढ वाट बघतोय.