नवसाच्या भांड्यातली चरबी

डुकराच्या कातडीवरचे केस उपटणं ही काय शिक्षा असते, ते ज्याने उपटले त्यालाच ठाऊक. आखिन सकाळपासून मोरीपाशी चिमटा घेऊन बसली होती. खाटीक म्हणाला होता, "मावशी, वस्तऱ्याने तासून दिलंय." तासलंय कसलं डोंबल! बोटबोटभर अंतरावर काळे खुंट, तिच्या नवऱ्याच्या, किमचुईच्या, हनुवटीवर असतात तसे. एका तुकड्याला तर डुकरिणीचं आचळ तसंच चिकटलेलं. आखिनने डोळे मिटून सुरीने ते उडवलं आणि दोनदा मोरीत थुंकली.

"अगं, कातडी जरा जाड चीर," बाहेरच्या खोलीतून किमचुई ओरडला. "मागच्या खेपेला दाताखाली आलीच नाही. आणि चरबी काढून टाकू नकोस. डॉक्टर काही आपल्याकडे जेवायला येत नाही!"

स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला. त्याची थोरली बहीण शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, तीही हसली.

दोन वर्षांपूर्वी हाच माणूस ताइनान शहरातल्या इस्पितळात छाती उघडून पडला होता. तेव्हा आखिन गल्लीच्या टोकाच्या देवळात करुणेच्या देवीपुढे, कुआनयिन माउलीपुढे, गुडघे टेकून बोलली होती, "माझा माणूस जिवंत घरी आण. तीन वर्षं मांस, मासळी, कांदा, लसूण, काहीही तोंडाला लावणार नाही." माणूस जिवंत घरी आला. आला आणि टाके काढल्या काढल्या म्हणाला, "खिमा कर." आखिन बघतच राहिली. तर म्हणे, "नवस तू बोललीस. मी थोडाच बोललो?"

तेव्हापासून दर आठवड्याला हे मोठं पातेलं चढायचं. भातावर खिमा, शेवयांवर खिमा, उकडलेल्या रताळ्याच्या पाल्यावर खिमा, टोफूवर खिमा, अंडी त्याच्यातच बुडवलेली. आधी कातडी आणि चरबी परतायची, चरबी सुटून तळाशी कडकड वाजेपर्यंत. मग खिमा. मग छोटे लाल कांदे तळून, सोया सॉस, तांदळाची दारू, खडीसाखर, पांढरी मिरी, आणि मंद आचेवर रटरट. एके काळी या वासाने आखिनच्याच तोंडाला पाणी सुटायचं. आता ती नाकाला फडकं बांधून ढवळायची. वर येणारा करडा फेस तोंड फिरवून काढायची. चव तर घेताच येत नव्हती, मग किमचुईला हाक मारायची. तो यायचा, डाव तोंडाला लावायचा, चाटायचा आणि तोच डाव पुन्हा पातेल्यात बुडवायचा. शी!

तिचं स्वतःचं भांडं वेगळं, कढई वेगळी, डाव वेगळा. त्यात मशरूम आणि सोयाबीनचं सार, असंच दाट, असंच तपकिरी, पण सोयाबीनच्या तेलातलं. दर पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी ते भांडं देवळात जायचं. नवसाच्या बायका तिथे एकत्र जेवत. आधी तिच्या साराचं कुणी नाव घेत नव्हतं, पण नव्या वर्षापासून काय झालं कोण जाणे, बायका वाडगे चाटायला लागल्या. "आखिन, हाताला चव आली गं तुझ्या!" आखिनही फुशारली. तिलाही ते सार आवडायला लागलं होतं. हल्ली ती दोन वाडगे भात खायची.

आज पौर्णिमा. खिमा आचेवर ठेवून तिने देवळात न्यायचं भांडं फ्रिजमधून काढलं, झाकण उघडलं, आणि हात तिथेच थांबला.

सारावर पांढरी साय धरली होती.

तिने बोटाने टोकरलं. मेणासारखी खपली निघाली आणि बोटावर वितळली. आखिनने चाळीस वर्षं स्वयंपाक केला होता. सोयाबीनचं तेल फ्रिजमध्ये असं गोठत नाही. असं एकच गोठतं, आणि ते तिच्या मागे, शेगडीवर रटरटत होतं. एरवी ती सार ताजं करून गरमच न्यायची. या वेळी गुडघा दुखत होता म्हणून रात्रीच करून ठेवलं होतं.

मग तिला ती चव आठवली. ते दोन वाडगे आठवले. बोटं चाटलेली आठवली. ती मोरीशी धावली आणि पोटात काही उरेना तोवर ओकत राहिली.

"काय झालं गं?" किमचुई दारात आला. त्याची नजर उघड्या भांड्यावर गेली आणि चोरी पकडलेल्या पोरासारखा तो दात काढून हसला. "कळलं वाटतं!"

"तुम्ही घातलीत?"

"चमचाभर गं. वाळून चालली होतीस नुसती. रात्री कूस बदललीस की फासळ्या टोचायच्या मला."

"कधीपासून?"

"नव्या वर्षापासून. बघ, अंगावर मूठभर मांस चढलं की नाही? तुझ्या त्या भक्तिणींनी पण चाटून पुसून खाल्लं. मेली का कुणी? मी मेलो का?"

नणंद मागून आली. "मायेपोटीच केलं ना त्याने? आमच्या ह्यांनी तर जन्मात विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. तू उगाच नाकाने कांदे सोलतेस बाई."

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

नणंदेने हातातल्या टरफलांकडे बघितलं. म्हणजे माहीत होतं! इतके महिने ही दोघं समोर बसून, ती घास घेताना, घास गिळताना बघत होती. हा मेला मिश्या नसलेल्या ओठांतून हसत होता, आणि तिला वाटायचं, नवरा सुधारला, आता कौतुकाने बघतो. आखिनला डुकराची किळस आली होती ती आता काहीच वाटेना. त्या चमचाभर चरबीपेक्षा त्या हसण्याची शिसारी जास्त होती. तिने ते सगळं भांडं मोरीत रिकामं केलं आणि तशीच देवळात गेली.

बायकांना तिने तोंडावर सांगितलं. लपवून कुठे फेडणार होती? एक म्हातारी गटाराकडे धावली आणि घशात बोट घालू लागली. दुसरी पुटपुटली, "तरीच म्हटलं, एवढं चवदार कसं." बाकीच्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, मुकाट्याने आपापले वाडगे पालथे घातले. ते बघून आखिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती माउलीपुढे बसली आणि तिने लाकडाचे दोन अर्धचंद्री कौल हातात घेतले. एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार. "या बायकांना दोष नाही ना?" होकार. "माझा नवस बाटला, मला माफ आहे?" होकार. "मग उरलेलं वर्ष नव्याने फेडू?" दोन्ही पालथे. नकार. तिने घाबरत विचारलं, "म्हणजे संपला? सुटले मी?" होकार. पुन्हा टाकले, होकार. तिसऱ्यांदाही होकार. सलग तीनदा आला की देवीचा शब्द पक्का.

हायसं वाटायला हवं होतं. आखिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं ते रागाने. एवढंच? दोन वर्षं नाकाला फडकं बांधून काढली, ओकाऱ्या गिळल्या, आणि देवीने हात झटकून मोकळं केलं? आणि त्याचं काय? त्याला काहीच नाही? तिने कौल जागेवर ठेवले आणि आणखी काही विचारलं नाही. उत्तर काय येईल याची तिला भीती वाटली.

घरी पोचली तेव्हा किमचुईने वाढून घेतलं होतं. भातावर खिमा, वर अंडं, हनुवटीवर तेलाचा ओघळ.

"काय म्हणाली तुझी माउली?" तो तोंडातला घास चघळत म्हणाला. "केलं ना माफ?"

आखिन त्याच्यासमोर बसली. जन्मात देवाच्या नावाने खोटं बोलली नव्हती.

"ज्याने घातलं त्याने फेडायचं," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तीन वर्षं. मी तीनदा कौल लावला. तिन्ही वेळा होकार."

गल्लीभर थट्टा करत फिरणारा माणूस, पण तीन कौल म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. तोंडातला घास त्याने हळूच हातावर काढला. "तीनदा?" एक हात आपसूक छातीवरच्या वणाकडे गेला. "अगं, पण मी... आणि नाही फेडलं तर?"

"नवस कशासाठी बोलले होते, ते तुम्हाला माहीत आहे."

नणंदेने शेंगा बाजूला सारल्या. किमचुईने वाडगा दोन बोटांनी दूर ढकलला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "कांदा तरी चालेल ना?" त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"नाही."

आखिनने त्याचा वाडगा पुढे ओढला, त्याच्याच चॉपस्टिक उचलल्या. उष्टा भात, थंड होत आलेली चरबी, अर्धवट शिजलेली कातडी दाताखाली करकरली, आणि घशाशी पुन्हा आंबट आलं. ती गिळत राहिली. किमचुई प्रत्येक घास बघत होता. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, हसली, आणि वाडग्यातलं शीत न् शीत संपवलं.