पिवळ्या उजेडातला स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना पिवळा दिवा आहे. सोडियमचा. एका घराच्या अंगणात, पायऱ्यांजवळच्या खांबावर वीज कंपनीने मला बसवले. 'बसवले' म्हणतात खरे, पण मी सगळा जन्म लटकूनच काढला. माणसांचे शब्द मला पहिल्यापासून नीट कळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

अंधार पडला की मला आपोआप जाग यायची आणि उजाडले की झोप लागायची. त्यामुळे जग मी फक्त माझ्याच उजेडात पाहिले.

या घरात आजोबा आणि आजी राहत. तेव्हा दोघे एवढे म्हातारे नव्हते. आजी संध्याकाळी पायरीवर विणत बसायची. "बाहेर एवढा उजेड पडलाय, मग घरातली वीज कशाला जाळायची?" असे तिचे म्हणणे. आजोबा कामावरून आले की ती विचारायची, "आलात? आज काय दिवे लावलेत?"

मी गोंधळायचो. दिवा तर इथे एकच, तो मी, आणि मी आपला आपणच लागलेलो. पण दोघे हसायचे, म्हणून मी काही मनावर घेत नसे.

एका थंडीत आजीने आजोबांसाठी स्वेटर विणला. तो घालून आजोबा पहाटे अंधारातच कामावर गेले आणि संध्याकाळी तणतणत परत आले.

"अगं, एक बाही हिरवी आणि एक तपकिरी! ऑफिसात विचारत होते, दोन बायकांनी मिळून विणलाय का?"

"अगंबाई! या मेल्या दिव्याखाली सगळी लोकर सारखीच दिसते हो. आणा इकडे, उसवते."

"राहू दे. इथे बसून घालीन. इथे कुणाला कळतंय?"

मी दोन्ही बाह्या निरखून पाहिल्या. अगदी एकसारख्या होत्या. मग भांडण कशाचे? आणि मला शिव्या का?

तेव्हापासून आजोबा तो स्वेटर फक्त संध्याकाळी, फक्त माझ्याखाली घालू लागले. आजी दोन्ही बाह्या ओढून शेजारी शेजारी धरायची आणि म्हणायची, "बघा, जुळतंय की सगळं."

मग एकदा दाराशी खूप चपला दिसल्या. आलेली माणसे हळू आवाजात म्हणत होती, आजी गेली. कुठे गेली, ते कुणी सांगितले नाही. मी रोज लागून वाट पाहायचो. पायरीवर आजोबा एकटेच येत. स्वतःच दोन्ही बाह्या जवळ धरत आणि म्हणत, "जुळतंय."

पुढे माझी तब्येत बिघडली. लागायचो, तापलो की विझायचो, गार झालो की पुन्हा लागायचो. आजोबांची मुलगी राहायला आली होती. तिने वायरमनला बोलावले. तो दिवेलागणीला शिडी घेऊन आला.

"आजोबा, याचा बल्ब आता मिळायचा नाही. वीज फार खातो हा. कंपनीने हे दिवेच बंद केलेत. नव्या नियमात बसत नाहीत. पांढरा एलईडी लावतो, नाहीतर कनेक्शन काढून टाकतो."

मित्रांनो, मला काहीच उलगडेना. वीज वाचावी म्हणून आजी माझ्याखाली बसायची, आणि आता वीज वाचावी म्हणून मलाच काढायचे?

"मला पिवळाच हवा," आजोबा म्हणाले.

"अहो, पांढऱ्यात सगळे रंग लख्ख दिसतात!"

"तेच नकोय मला."

वायरमन मुलीकडे बघू लागला. ती आजोबांच्या अंगातल्या स्वेटरकडे बघत होती.

"बाबा, अंधारात पायरी चुकून पाय मोडून घेतलात, तर आई काय म्हणाली असती?"

आजोबांनी दोन्ही बाह्या जवळ धरल्या. मी तेवढ्यात एकदा विझून पुन्हा लागलो.

"म्हणाली असती, काय दिवे लावलेत," ते म्हणाले. मग वायरमनला म्हणाले, "लाव बाबा तुझा पांढरा. जुना मात्र मला दे."

"खरं तर जमा करावा लागतो," वायरमन म्हणाला. पण मला आजोबांच्या हातात देऊन त्याने शिडी खांद्यावर घेतली.

आता मी खिडकीत असतो. का कोण जाणे, मला झोपच येत नाही. इथली पहिली सकाळ झाली तेव्हा मी घाबरलो. जगावर कुणीतरी काहीबाही सांडून ठेवल्यासारखे दिसत होते. यालाच रंग म्हणत असावेत.

तेवढ्यात आजोबा स्वेटर घालून दूध आणायला निघाले. भर उजेडात. एक बाही एका तऱ्हेची, दुसरी दुसऱ्या! मी पाहतच राहिलो. म्हणजे तेव्हा ऑफिसातली माणसे खोटे बोलत नव्हती.

फाटकाशी शेजारीणबाई हसल्या. "आजोबा, हे काय? बाह्यांची अदलाबदल झाली की काय?"

"आमच्या हिनं विणलाय," आजोबा ताठ मानेने म्हणाले. "दिव्याखाली बसून."

मित्रांनो, कंपनी चुकली असे मी म्हणत नाही. नव्या उजेडात आजोबांची पायरी चुकत नाही, हे मी रोज खिडकीतून पाहतो. माझे मागणे एवढेच आहे. जुना दिवा उतरवायला याल, तेव्हा शिडी लावण्याआधी, त्याच्याखाली कोण बसत होते ते विचारा.

शेजारीणबाई गेल्यावर आजोबांनी बाहीने डोळे पुसले. हिरव्या की तपकिरी, ते मला सांगता येत नाही. मी अजून शिकतो आहे.