गच्चीवरून पाहिलेला टीव्ही

पंच्याऐंशी साली बडोद्यात आमच्या पाणीगेटच्या घरी टीव्ही आला, तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि वसंतदादा चौदाचा. दुपारी एक वाजता विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, कापलेला पतंग काढायला कुणीतरी अँटेनावर चढला, तेव्हापासून तिचा खांब सैल होता. हात सोडला की चित्र गेलंच. बाबांनी तो कधी दुरुस्त केला नाही. म्हणून मी गच्चीवर खांब धरून उभी आणि दादा खाली पंख्याखाली टीव्हीसमोर, अशी कामाची वाटणी झाली. केली कोणी? त्यानेच. मोठा ना!

दोन वर्षं मी बडोद्याचं ऊन डोक्यावर घेतलं. कार्यक्रम संपला की तो पाण्याचा तांब्या घेऊन वर यायचा आणि काय काय दाखवलं ते सांगायचा. रक्ताचं तर मला आजही पाठ आहे. रक्त म्हणजे मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडे जाणारी कंपनीची बस. फुप्फुसाच्या स्टॉपवर प्राणवायू डबा घेऊन चढतो, अंगभर आपापल्या कामावर उतरतो, आणि बस रिकामी परत येत नाही, कचरा भरून आणते. पुढे मी शाळेत विज्ञानाची बाई झाले आणि पंचवीस वर्षं ही बस फळ्यावर पळवली.

तरी राग काही गेला नाही. मागच्या भाऊबीजेला दादाच्या घरी, भरल्या पंगतीत मी म्हटलं, "हा एक नंबरचा मतलबी. स्वतः टीव्ही बघायचा आणि मला उन्हात वाळत घालायचा." सगळे हसले. तोही हसला. फाल्गुनात तो गेला.

अलकापुरीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. परवा दुपारी अजिबात करमेना, म्हणून फोनवर ते जुने कार्यक्रम शोधत बसले. आणि चक्क रक्ताभिसरणाचा भाग सापडला! म्हटलं, बघू तरी आपलं काय काय हुकलं ते. चहा घेऊन बसले. सुटातले एक प्राध्यापक बोलू लागले. इंग्रजीत. शेवटपर्यंत इंग्रजी, तेही जडजंबाल. भाषा कुठली, हे मी दादाला कधी विचारलंच नव्हतं. गुजराती नाहीतर हिंदी असेल असं धरून चालले होते. त्यात बस नव्हती, डबाही नव्हता. हृदयाचं एक काळंपांढरं चित्र होतं आणि त्यावर बाण.

दादा मराठी शाळेतला, इंग्रजीत दोनदा नापास झालेला. त्याला यातलं अवाक्षर कळलं नसणार. मी वर उभी आहे म्हणून तो त्या बडबडीपुढे बसून राहायचा आणि ती चित्रं नि शाळेचं पुस्तक जुळवून मला सांगायला काहीतरी रचायचा. भाऊबीजेला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं त्याला. नाही केलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडू आवरेना.

शेवटी मंदावहिनीला, दादाच्या बायकोला, फोन लावला.

"वहिनी, दादा त्या टीव्हीबद्दल कधी काही बोलला होता का गं?"

"केम वन्सं, आज का अचानक?" वहिनी म्हणाली. "अहो, येईल त्याला सांगायचे, आमची नयना टीव्ही बघून शास्त्र शिकली. केवढं कौतुक होतं त्यांना!"

"वहिनी, मी एकही कार्यक्रम बघितला नव्हता."



"मग तुम्हाला शिकवलं कोणी?"