मूळ कुठले, टोक कुठले

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, ठोकळा म्हटल्यावर हसू नका. माझा आकार माणसाच्या डोक्यासारखा आहे, खाली मान आहे, आणि मानेखाली टेबलाला आवळून बसवायचा लोखंडी स्क्रू आहे. मला घडवणारा सुतार एरवी बुटांचे साचे करायचा. पाय त्याला पाठ होते, डोक्याची सवय नव्हती. त्याने नाक काढले, वरचा ओठ काढला आणि तो जेवायला उठला. बाकीचे राहिले ते राहिलेच. मग मला दिसते कसे आणि ऐकू कसे येते, असे तुम्ही विचाराल. भिंतींना कान असतात म्हणतात ना, तसेच काहीसे समजा.

माझी उमेदीची वर्षे नाटकाचे टोप बनवायच्या खोलीत गेली. टोप म्हणजे नटांनी डोक्यावर चढवायचे खोटे केस. खोली रंगमंचाच्या बरोबर खाली होती. वर राजा तावातावाने चालू लागला की आमच्यावर धूळ गळायची. तिथे काम करणाऱ्या बाईंना सगळे केसबाई म्हणत. त्या नटाच्या डोक्याचे माप घेत, कापडाच्या पट्ट्या गुंडाळून मला तेवढाच जाड करत, वर बारीक जाळी ताणत, आणि मग टोकाशी वळलेल्या बारीक सुईने, म्हणजे आकडीने, एकेक केस गाठ मारून जाळीत बसवत. टोप पुरा होईपर्यंत ऋतू बदलायचा. तेवढे दिवस मी कधी सेनापती असे, कधी खाष्ट सासू, कधी पाकीटमार. एकदा एका बड्या नटाने सगळ्यांदेखत माझ्या टकलावर थाप मारली आणि म्हटले, "हा ठोकळा आहे म्हणून आमची डोकी जागेवर आहेत." ते कौतुक मी पुढे बरीच वर्षे पुरवून पुरवून वापरले.

केसबाई स्वभावाने मऊ, पण एका बाबतीत त्या कुणाचे ऐकत नसत. जुडीतल्या सगळ्या केसांची मुळे एकीकडे आणि टोके एकीकडे राहिली पाहिजेत. केसाला माशासारखे खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. केस उलटसुलट झाले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि जुडीचा घट्ट गोळा होतो.

मग कारखान्यातले तयार टोप आले. स्वस्त, धुता येणारे, कुणाच्याही डोक्याला बसणारे आणि कुणालाच नीट न बसणारे. आमच्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या गेल्या. निरोपाला काय हवे, असे बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी आणि केसांच्या जुड्यांनी भरलेले एक पोते, असे आम्ही त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी आलो.

तिथे मला काम नव्हते. बाईंचे यजमान होते तोवर माझ्यावर त्यांची टोपी असे. ते गेले, टोपी कुणाला तरी देऊन टाकली, आणि माझ्यावर ओले मोजे वाळू लागले. मोज्यांचे मला वाईट वाटत नसे. निदान कुणीतरी येऊन ते काढून नेई. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. तो ठेवला की घर इतके गप्प व्हायचे की खालच्या दुकानाचे दार लोटलेले ऐकू यायचे.

एका दुपारी बाई दवाखान्यातून आल्या आणि चपला न काढताच माझ्यासमोर बसल्या.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर गाठी मारल्या," त्या मला म्हणाल्या. "एक माझ्या पोटात राहिली म्हणे."

संध्याकाळी लेकीला त्यांनी सांगितले की पित्त आहे. खरे काय ते तिला बऱ्याच दिवसांनी, आणि तेही हप्त्याहप्त्याने कळले.

उपचार सुरू झाले. केस गळले. आरशापुढून उठून बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, आम्हा दोघांच्या टकलांवरून त्यांनी एकेक हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालो आपण जुळी." त्या दिवशी त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र दिवसभर पलंगावरून उठल्या नाहीत. मी खिडकीजवळ, त्या भिंतीकडे तोंड करून. मला वाटले, निदान माझ्यावर मोजे तरी घाला.

त्यांना उठवले ते एका माणसाने. मी त्याला कधी पाहिले नाही; जे ऐकले ते बाईंकडून. दवाखान्यात रक्त काढणारा एक हडकुळा गृहस्थ होता. बाकीच्यांनी बाईंच्या हाताची चाळण केली होती, याला पहिल्याच टोचणीत शीर सापडायची. बाई त्याला तोंडावर 'डास' म्हणत आणि तो खूश होई.

"त्याचे आभार मानायला तोंड उघडावं तर तो पुढच्या खाटेवर पोचलेला असतो," बाई मला सांगत होत्या. "आणि नुसत्या शब्दांनी मला बरं नाही वाटत. काहीतरी हातात द्यायला हवं."

टोपाला एक ऋतू लागतो. पुढचा ऋतू आपल्या वाट्याला आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण मिशी दोन-तीन दुपारींत होते. बाईंनी पोते उघडले, माझ्या वरच्या ओठावर जाळीचा तुकडा टाचला आणि आकडी हातात घेतली.

पहिली मिशी गेली शेजारच्या खुर्चीत सलाइन घ्यायला बसणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकांना. त्या स्वतःचे जेवणाचे डबे बाईंना देत आणि वर व्याकरण सुधारत. त्यांनी दरारा असलेली मिशी मागितली होती. ती लावून त्या सलाइनखाली ताठ बसल्या. तपासायला आलेले डॉक्टर त्यांना चुकून 'सर' म्हणाले, आणि त्या खोलीत त्या दिवशी सगळ्याजणी पोट धरून हसल्या, असे बाईंनी मला दोनदा सांगितले. दुसरी गेली लादी पुसणाऱ्या मावशींना. त्या बाईंच्या खुर्चीजवळ आल्या की बादलीचा आवाज होऊ देत नसत. त्यांना नवऱ्याला घाबरवण्यापुरती हवी होती. तिसरी रात्रीच्या नर्सला.

मित्रांनो, मिशी बनवायची तर ती कुणाच्या नाकाखाली जाणार, तो चेहरा सतत मनापुढे ठेवावा लागतो. हनुवटी केवढी, हसताना ओठ कुठल्या बाजूला जातो, हे आठवावे लागते. त्यामुळे बाई एकट्या बसलेल्या दिसल्या तरी त्यांच्या दुपारी भल्या माणसांनी भरलेल्या असत. रिपोर्टचा कागद उशाखाली तसाच असे, पण आकडी चालू असताना त्या तिकडे बघत नसत. मी मात्र मिशी पुरी होण्याचा दिवस ओळखू लागलो होतो. त्या दिवशी बाई ती रुमालात गुंडाळून घेऊन जात. माझा ओठ पुन्हा उघडा, घर पुन्हा रिकामे.

डासाची मिशी त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती. त्याला तांबूस रंगाची, टोके वर वळलेली हवी होती, आणि वळणदार मिशीचे काम सर्वांत किचकट. तो दर खेपेला विचारायचा, आमची मिशी कुठवर आली. बाई म्हणायच्या, "उगवतेय. मिशी का घाईनं येते?"

पण घाई करायला हवी होती. औषधांनी बाईंची बोटे बधिर होऊ लागली होती. आधी टाचण्या सुटून पडू लागल्या. मग एके दिवशी आकडी बोटात रुतली, माझ्या कपाळावर रक्ताचा थेंब पडला आणि बाईंना कळलेच नाही. केस चिमटीत आहे की नाही हे त्यांना समजेना. तेव्हा त्या केस ओठांवरून फिरवून पाहू लागल्या. ओठांना अजून कळत होते. हे फक्त मला माहीत होते, आणि मी कुणाला सांगणार?

मग लेक रजा काढून आली. ती पुस्तकांत रमणारी, मोजके बोलणारी. तिला आईचे उघडे डोके बघवेना. "तू एवढे टोप केलेस आई, एक स्वतःसाठी कर ना. लोकांचं सोड, मलाच बघवत नाही."

"मग खिडकीबाहेर बघ," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी डोक्याला वारा लागतोय, लागू दे."

मिशांचा प्रकार तर लेकीला पोरखेळ वाटला. दवाखान्यात त्या लावून हसणाऱ्या आजारी बायका तिला मुळीच विनोदी वाटल्या नाहीत. ती भांडली नाही, फक्त दुसऱ्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. त्या खोलीत ती, या खोलीत आई, आणि खिडकीशी मी. एकाच घरात तिघे एकटे.

डॉक्टरांनी तिला बजावले होते की आईला धुळीपासून जपा, जंतूंचा संसर्ग होता कामा नये. बाई दवाखान्यात गेल्या असताना तिने घर घासूनपुसून काढले. तिला पोते सापडले. तिने बादलीत साबणाचे पाणी केले, जुड्यांचे दोरे सोडले आणि सगळे केस त्यात बुडवून खसाखसा धुतले. मित्रांनो, मी ते बघत होतो. पण मला वरचाच ओठ आहे. ओरडायला दोन लागतात.

संध्याकाळी बाई आल्या. दोरीवर तांबडा, काळा, पांढरा असा एक भलामोठा गोळा लटकत होता. लेक म्हणाली, किती धूळ होती बघ.  बाई दोरीपाशी गेल्या, गोळ्यातून एक केस ओढून काढला आणि चिमटीत चोळू लागल्या. चोळला, थांबल्या, पुन्हा चोळला. मग केस ओठांशी नेला.

"ओठांनी काय बघतेयस?"

"मूळ कुठलं आणि टोक कुठलं ते. सगळे उलटसुलट झालेत."

"मग बोटांनी बघ ना."

"बोटांना कळत नाही आता."

लेक जागच्या जागी उभी राहिली. "कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"फोनवर कुणाची बोटं दिसतात का?"

लेक खाली बसली. गोळ्याकडे बघत, आता हे कसे निस्तरायचे, असे तिने हळूच विचारले. बाईंनी तो केस तिच्या हातात दिला.

"चिमटीत धर. आता दोन्ही बोटं एकमेकांवर चोळ, सावकाश. सरकतोय?"

"सरकतोय."

"कुठल्या बाजूला?"

"तुझ्याकडे."

"मग मूळ माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "ठेव तो बाजूला. दुसरा घे."

तेव्हापासून दोघी रोज दुपारी माझ्यासमोर बसू लागल्या. लेकीची बोटे, बाईंचे डोळे. आधी तांबडे केस निवडले, कारण तेच हवे होते. मग लेक गाठ शिकली. तिच्या पहिल्या गाठी बघून बाई म्हणाल्या, ही मिशी आहे, गोणपाट नाही. पण सोडायला लावल्या नाहीत. निवडता निवडता दोघी बोलत. तांबडे केस कुणाचे, ते विकणाऱ्या मुलीने त्या पैशांतून काय घेतले, यजमान पहिल्यांदा टोपाच्या खोलीत कसे घाबरून शिरले, असे काहीबाही. लेकीने टोपाचा विषय पुन्हा काढला नाही. एकदा ती उठता उठता आईच्या उघड्या डोक्यावर हात ठेवून तशीच थोडा वेळ उभी राहिली.

डासाची मिशी पुरी झाली. उजवे टोक छान वर वळले होते, डावे जरा खाली झुकले होते.

"डावी बाजू पेंगतेय," बाई म्हणाल्या. "असू दे. त्याला रात्रपाळ्या असतात."

ती स्वतः न्यायचे त्यांच्या मनात होते. त्याआधीच त्यांना दवाखान्यात हलवावे लागले, आणि बाई परत आल्या नाहीत. घर बरेच दिवस बंद होते. त्या दिवसांबद्दल मला काही सांगता येणार नाही. अंधारात ठोकळा ठोकळाच असतो.

एका सकाळी कुलूप निघाले. लेक आत आली, खिडकी उघडली आणि सामान न आवरता माझ्यासमोर बसली. मग ती माझ्याशी बोलली. आजवर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. डासाला मिशी देऊन आले, म्हणाली. त्याने ती लगेच लावली. आरशात पाहिलेही नाही. रांगेतल्या पुढच्या माणसाने बाही वर केली, आणि तो मिशीसकट कामाला लागला.

आता मी लेकीच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाशेजारी एका टेबलाला आवळलेला आहे. टोप कुणाला नको आहेत. माझ्यावर मोजेही वाळत नाहीत, कारण ती मला पुसून ठेवते. दिवसभर मी एकटाच असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी एखाद्या वस्तूशी बोलताना दिसले तर हसू नका, शेजारी जाऊन बसा. आजारी माणूस ठीक आहे म्हणाला तर त्याची बोटे हातात घेऊन बघा. आणि कुणाचे आभार मानायचे असतील तर हातांना कळते आहे तोवर हातांनी काहीतरी करून द्या. वेडेवाकडे झाले तरी चालते.

उरलेला गोळा लेक बरोबर घेऊन आली आहे. सुटीच्या दिवशी ती माझ्यासमोर बसते, एक केस ओढून काढते, चिमटीत चोळते आणि सरकेल त्या बाजूला मूळ धरून ठेवते. गोळा अजून बराच मोठा आहे. तो संपू नये असे मला वाटते. तिलाही तसेच वाटत असावे, कारण बोटे सराईत झाली असली तरी ती फार सावकाश निवडते.