राजेळी क्रमांक पाच

मधे रिकामी जागा दिसली की कॅल्विन अंकलना राहवत नाही. नंदाखाल गावातल्या आमच्या बागायत प्रदर्शनाचे ते अध्यक्ष, आणि हॉलमधल्या खुर्च्यांची रांगसुद्धा स्वतः वाकून सरळ करणारे. नोंदी आणि चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे, म्हणून मी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "अंकल, कोणी माघार घेतली तरी कॉम्प्युटरमधली नोंद पुसायची नाही."

आमच्याकडे राजेळी केळी, पपई, वाल असे गट असतात आणि प्रत्येक गटात नंबर एकपासून. घडावर नाव नाही, फक्त गट आणि नंबरची चिठ्ठी. तो नंबर मालकालाही सांगत नाहीत. पण प्रोग्राम केला होता अंकलच्या भाच्याने, ॲलिस्टरने. त्यात नंबर साठवलेलाच नाही. यादी काढाल तेव्हा तो नव्याने मोजतो. मधलं एक नाव पुसलं की खालचे सगळे एकेक नंबर वर सरकतात. घडावरच्या चिठ्ठ्या मात्र आहेत तशाच!

सकाळी रीमाचा दोन नंबरचा घड टेम्पोतून उतरवताना पडला, फण्या निखळल्या. मी तिला सावरत होते, तेवढ्यात अंकलनी तिचं नाव यादीतून उडवलं आणि कोणाला काही बोलले नाहीत.

संध्याकाळी परीक्षकांचा कागद आला. राजेळी, पहिला क्रमांक, नंबर पाच. अंकलनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. पाचवर त्यांचंच नाव होतं. टाळ्या पडल्या, शाल आली. माझं डोकं सणकलं. पाचची चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने पप्पांच्या घडावर चिकटवली होती. आणि पप्पा मागच्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होते. जन्मभर केळी लावली, पण पहिलं बक्षीस त्यांना कधीच मिळालं नव्हतं.

"पाच नंबर पप्पांचा आहे," मम्मीच्या कानात सांगून मी उठले, तर तिने हात धरला. "ब्रिटनी, बस खाली. पोरीने कॉम्प्युटर फिरवून बापाला जिंकवलं म्हणतील."

"म्हणू देत," मी म्हटलं आणि सरळ स्टेजवर गेले.

"अंकल, यादी राहू द्या बाजूला. यादीतले नंबर सरकलेत. पाचची चिठ्ठी असलेला घड मागवा आणि तो तुमचा आहे का, एवढंच सांगा."

दोघांनी घड उचलून आणला. अंकलनी चष्मा पुसला, दांड्यावरून हात फिरवला, खालची फणी बघितली. खोटं बोलले असते तर तिथे कोण काय करणार होतं? मला खरंच भीती वाटली.

"हा माझा नाही," अंकल माइकवरच म्हणाले. "माझ्या बागेत असा घड आला असता तर मी रात्रभर झोपलो नसतो. कोणाचा आहे?"

मी तोंड मिटून उभी राहिले. मागून पप्पा उठले. "माझा वाटतो," ते हळूच म्हणाले.

अंकलनी अंगावरची शाल काढून पप्पांना पांघरली. सवयीने तिची दोन्ही टोकं सारखी केली. मग माझ्याकडे वळले.

"रीमाचा दोन नंबर परत घाल गं," ते म्हणाले. "रिकामा दिसला तरी चालेल."